चादरीचा सीन

“बावीस मिनिटांचा भाग आणि एकाचाही डोळा उघडा नाही!” दिग्दर्शक बाईंनी रिमोट टेबलावर आपटला. “आजोबा डोळे मिटून जिना उतरतायत, आई डोळे मिटून कपडे वाळत घालतेय, अरे तो बोकासुद्धा डोळे मिटून उंदरामागे पळतोय! ही विनोदी मालिका आहे की सामुदायिक झोप?”

पडद्यावर खरोखरच ते कार्टूनचं कुटुंब शांत चेहऱ्यानं, पापण्या मिटून घरभर हिंडत होतं. रंगकामासाठी भाग बाहेरच्या एका कंपनीला दिला होता. तिथे कुठल्यातरी फायली उलटसुलट जोडल्या गेल्या आणि सगळ्यांचे डोळे गेले. दुरुस्तीला तीन आठवडे लागतील, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. इकडे भाग दाखवायला उरले होते नऊ दिवस. तोही साधासुधा भाग नव्हे. पंचवीस वर्षं चाललेल्या मालिकेचा अडीचशेवा भाग. गावभर त्याच्या जाहिराती झळकत होत्या.

“आता एकच उपाय,” संकलक म्हणाला. सीन कापायचं आणि जोडायचं काम पहिल्या भागापासून त्याच्याकडेच होतं, म्हणून सगळे त्याला कात्री म्हणत. “ठिगळ लावायचं.”

खोलीत दोघातिघांनी एकदम तोंड वाकडं केलं. ठिगळ म्हणजे ठिगळाचा भाग. घरातली मंडळी सोफ्यावर बसतात, एक जण म्हणतो, ‘तुला आठवतं का गं, तेव्हा काय गंमत झाली होती,’ आणि मग जुन्या भागांतले तुकडे एकामागून एक दाखवायचे. फार वर्षं चाललेल्या प्रत्येक मालिकेवर ही वेळ कधी ना कधी येतेच. लेखकांना त्याची लाज वाटते, प्रेक्षकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि तरी सगळे शेवटपर्यंत बघतात.

“शिळ्या कढीला ऊत,” लेखिका पुटपुटली. ती एकोणतीस वर्षांची होती आणि ही मालिका बघतच मोठी झाली होती, त्यामुळे तिला इतरांपेक्षा जास्तच लागलं.

“ऊत तर ऊत. पण दोनशे एकोणपन्नास भागांत काय कुठे आहे, ते सांगणार कोण? नऊ दिवसांत सगळं बघून होणार आहे का?”

बाईंच्या या प्रश्नावर जो तो बोटांवर भाग मोजू लागला. मग कात्रीनं बोटानं जमिनीकडे खूण केली.

“मधलेकाका,” तो म्हणाला.

मधलेकाका तळमजल्यावर बसत. मधले हे त्यांचं आडनाव नव्हे, काम होतं. चित्रं हलतात कशी, असं कोणी विचारलं तर ते सांगत, “मोठा कलाकार हात खाली असलेलं एक चित्र काढतो. मग हात वर गेलेलं एक चित्र काढतो आणि चहाला जातो. तो हात खालून वर न्यायचं काम माझं.” अशी मधली चित्रं, सेकंदाला बारा या हिशेबानं, त्यांनी सतरा वर्षं काढली. मग संगणक आला. मधली चित्रं आपोआप निघायला लागली. मोठे कलाकार राहिले, मधले सगळे घरी गेले. काकांना तेवढं ‘जुनं सामान सांभाळा’ म्हणून खाली ठेवलं.

पण काका नुसतं सामान सांभाळणाऱ्यांतले नव्हते. रिकामं बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. आठ वर्षांत त्यांनी प्रत्येक भागातल्या प्रत्येक सीनचं एकेक कार्ड लिहिलं. सीनमध्ये कोण आहे, अंगात काय आहे, काय पडतं, काय फुटतं, कोण हसतं, कोण रुसतं, कुठल्या तारखेला दाखवला. चौदा हजार कार्डं झाली, लाकडी खणांत ओळीनं लावली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या नव्या मुलांना वाटे, म्हाताऱ्याला काहीतरी विरंगुळा हवा.

त्या दिवशी बोलावणं आलं तेव्हा काका जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. सत्तावन्नाव्या वर्षी.

“काका,” बाई म्हणाल्या, “ढब्बूबाबा आत्तापर्यंत जिन्यावरून किती वेळा पडलेत?”

ढब्बूबाबा म्हणजे मालिकेतले वडील. काकांनी डोळे मिटायचीही तसदी घेतली नाही.

“एकेचाळीस वेळा. त्यातले दोनदा खालून वर पडलेत.”

“वर?”

“हो. सत्त्याण्णवाव्या भागात शिंक आली होती म्हणून. आणि एकशे साठाव्यात बोका मागे लागला होता.”

लेखिका फसकन हसली. तिची वही उघडली गेली. “आणि आजोबा खोटं आजारी पडतात ते?”

“सव्वीस वेळा. पण त्यातलं चांगलं एकच. थर्मामीटर चहात बुडवतात आणि मग चहाच पितात. भाग त्र्याहत्तर, सीन नऊ. निळा स्वेटर.”

पाहता पाहता खोलीचा नूर पालटला. जो तो विचारू लागला, काका सांगू लागले, कोणी फळ्यावर लिहू लागलं, कोणी खाली जाऊन खणच्या खण वर आणू लागलं. पंचवीस वर्षांत या खोलीत काकांना बसायला कधी खुर्ची मिळाली नव्हती. आज बाईंनी स्वतःची दिली. काका मात्र बसले नाहीत. बसायला वेळ कोणाला होता?

निघताना बाईंनी एक छापील तक्ता त्यांच्या हाती दिला. “हा वाहिनीचा नियम आहे, काका. ठिगळाच्या भागात जुना तुकडा म्हणून जो जो दाखवाल, तो आधी खरोखर दाखवलेला असला पाहिजे. प्रत्येकापुढे भाग, सीन आणि तारीख. खाली तुमची सही. मी पुन्हा तपासणार नाही. तुमच्या कार्डांवर माझा डोळे झाकून विश्वास आहे.” मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, “डोळे झाकून म्हणजे, तसे नव्हे.”

तक्ता घेऊन काका खाली आले. खाली शेवटच्या फळीवर, खणांच्या मागे, एक पत्र्याचा डबा होता. त्यावर चौदा हजारांतलं कुठलंच कार्ड नव्हतं. त्यात एकोणीस सेकंदांचा एक सीन होता, आणि काकांचा जीव होता.

एकवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. अडतिसावा भाग चालू असताना मोठ्या कलाकाराला गालगुंड झालं. एक लहानसा सीन उरला होता. तेव्हाच्या दिग्दर्शकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि काकांना म्हणाले, “कर तूच, पहिल्यापासून शेवटपर्यंत.” सीन असा : मालिकेतली आई एकटीच मोठ्या चादरीची घडी घालतेय. एक टोक हनुवटीखाली धरते, हात ताणते, पुरत नाहीत. मग एक कोपरा पायाच्या अंगठ्यात पकडते. स्वतःभोवती एक गिरकी घेते, दुसरी घेते, आणि कशी कोण जाणे, चादरीची सुरेख चौकोनी घडी होते. आई घडीवर दोनदा थोपटते. घडीतून ‘म्याऊ’ येतं.

दोनशे अठ्ठावीस चित्रं. हात खाली, हात वर आणि मधलं सगळं, एकट्या काकांचं. आणि ती आई हुबेहूब काकांची बायको होती. काकांनी तिला घरात उभी करून, तीच चादर तिच्याकडून अकरा वेळा घडी करून घेतली होती. आपण टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले होते. “थांब. परत. हनुवटी अशीच ठेव. परत.” ती वैतागली, हसली, पुन्हा वैतागली, पण तिनं अकराव्यांदाही घडीवर दोनदा थोपटलं. ती तिची सवय होती.

भाग लागायच्या दिवशी त्यांच्या दीड खोलीत सतरा माणसं जमली होती. बायको नवी साडी नेसली होती. भाग सुरू झाला, भाग संपला. चादर आलीच नाही. भाग एकोणीस सेकंदांनी लांबला होता, सीनमध्ये संवाद नव्हता, तो काढून गोष्टीला काही फरक पडत नव्हता. कात्रीनं आपलं काम केलं होतं आणि सांगायचं विसरला होता. सतरा माणसं चपला शोधू लागली. तेव्हा बायको हसतमुखानं म्हणाली, “पुढच्या आठवड्यात दाखवणारेत. मीच वार चुकीचा सांगितला.” एवढं बोलून ती चहाच्या कपबशा उचलायला लागली. तिनं स्वतःवर घेतलेलं ते खोटं काका कधी विसरले नाहीत.

वरून बोलावणं आलं त्या दिवशी संध्याकाळी घरी काकांना काय सांगू आणि काय नको असं झालं होतं. बायको खिडकीशी बसून डाव्या हातात रबरी चेंडू दाबत होती. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, चालणं-बोलणं वाचलं त्यातून, पण डावा हात काही पूर्वीसारखा झाला नाही. डॉक्टरांनी चेंडू दिला होता. ती त्याला पोटच्या पोरासारखी ओरडत असे.

“अगं, खुर्ची दिली मला! बाईंनी स्वतःची!”

“मग बसलात का?”

“छे, बसतोय कुठला. एकशे बारा सीन काढून दिले आज. ती लेखिका म्हणते, काका, तुम्ही चालतं-बोलतं कपाट आहात.”

“इतकी वर्षं घरातल्या कपाटात काय आहे ते ठाऊक नाही तुम्हाला,” बायको म्हणाली. पण तिचे डोळे चमकले होते. तिनं चेंडू दाबला, सोडला. मग सहज म्हणावं तसं म्हणाली, “माझी चादर आहे का हो त्यात?”

काकांनी चप्पल काढून जागेवर ठेवली.

“ती लागली नव्हती ना. लागलेलंच दाखवायचं असतं यात.”

“हो का. असू दे, असू दे,” ती म्हणाली, आणि पुन्हा चेंडू दाबू लागली. “सहज विचारलं. तेव्हा दोन्ही हात कसे चालायचे ते एकदा बघितलं असतं, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तक्ता भरायला घेतला. बावन्न तुकडे ठरले होते, बावन्न ओळी भरल्या. मग त्रेपन्नाव्या ओळीत, आपल्या त्याच सुवाच्य अक्षरात, त्यांनी लिहिलं : भाग अडतीस, सीन चौदा. आणि पुढे तारीखही लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा खोटी तारीख लिहिताना त्यांना वाटलं होतं अक्षर बिघडेल. ते मेलं जराही बिघडलं नाही.

चौथ्या दिवशी सगळे तुकडे एकत्र लावून पाहायचे होते. खोली भरली होती. ढब्बूबाबा पडले, वर पडले, आजोबांनी थर्मामीटरचा चहा प्यायला, हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मग पडद्यावर चादर आली.

काका दाराशी उभे होते. पळायला बरं म्हणून. आता कोणीतरी म्हणणार, ‘हा कुठला? हा कधी पाहिला नाही बुवा.’ हनुवटी, अंगठा, गिरकी, थोपट, थोपट. म्याऊ. खोलीत हशाचा नुसता स्फोट झाला.

“चादर!” लेखिका खुर्चीतून उठलीच. “अरे, हा सीन! मी आठ वर्षांची होते. आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं होतं मी, बघ बघ, तुझ्यासारखंच करतेय म्हणून!”

“आमच्या शाळेत दुसऱ्या दिवशी सगळी पोरं अंगठ्यात रुमाल पकडून गिरक्या घेत होती,” रंगकाम बघणारा म्हणाला.

“मला वाटतं याच्यावर पत्रं आली होती,” बाई म्हणाल्या.

कात्रीनं तर कमालच केली. ज्यानं तो सीन स्वतःच्या हातानं कापला होता, तो पाठ ताठ करून म्हणाला, “मी लावलाय तो, मी! तेव्हाचे दिग्दर्शक म्हणत होते काढून टाक. मी म्हटलं, जीव गेला तरी काढणार नाही.”

काका थक्क होऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. कोणी खोटं बोलत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे खऱ्या आनंदानं फुलले होते. कधीही न दाखवलेला सीन सगळ्यांनी पाहिला होता! आणि मजा म्हणजे काकांना उकळ्या फुटत होत्या. एकवीस वर्षांपूर्वी कुठेतरी, कोणाच्या तरी घरात, एका पोरीनं आईला ओढत आणलं होतं. घ्यावं की पदरात पाडून! कोण विचारतंय?

“काका,” बाई म्हणाल्या, “हाच आपला मुख्य सीन. ‘आपल्या सगळ्यांना आठवणारी चादर’ म्हणून जाहिरातच करू. तारीख किती लिहिलीय? ती मोठ्या अक्षरात टाकू.”

लेखिका वहीत लिहिता लिहिता म्हणाली, “आईला फोन करून सांगते. तिला हल्ली फारसं काही आठवत नाही, पण हे आठवेल.”

इथे मात्र काकांचा आनंद ओसरला. वाहिनीला फसवणं वेगळं. ही पोर आज घरी जाऊन आपल्या विसरत चाललेल्या आईला तारखेसकट काय आठवायला लावणार होती? तक्त्यातली एक ओळ खोटी निघाली की चौदा हजार कार्डंही खोटीच.

“बाई,” काका म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “तो सीन कधी लागलाच नाही.”

“म्हणजे?”

“कापला होता. एकोणीस सेकंद जास्त होत होते म्हणून. तारीख मी खोटी लिहिली. सीन माझा होता. सगळा. बायकोला दाखवायचा होता.”

कात्रीचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, कारण आता त्याला खरोखर आठवलं. बाईंनी तक्ता उचलला, त्रेपन्नावी ओळ पाहिली आणि चष्मा काढला.

“मी तुमची सही बघून पुढे पाठवणार होते, काका.”

“चुकलो.”

“चुकलात. काढावा लागेल तो.”

“काढा,” काका म्हणाले. दुसऱ्यांदा काढताना कमी लागेल असं त्यांना वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

लेखिका मात्र जागची हलली नव्हती. “थांबा. मग मी काय पाहिलं?” ती जवळजवळ भांडायलाच उठली. “आईला ओढत आणलं ते मला आठवतंय. तिचे ओले हात आठवतायत. झालंच नाही तर आठवतं कसं?”

“तुमची आई एकटीच घडी घालत असेल चादरीची,” काका म्हणाले. “सगळ्यांच्याच घालतात. झालं होतं हो ते. बघायला कोणी नव्हतं, एवढंच.”

लेखिकेनं त्यांच्याकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. मग ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

“हीच गोष्ट! बाई, हीच गोष्ट आहे भागाची! सोफ्यावर सगळे जुन्या आठवणी काढतायत. चादरीचा सीन येतो. बाबा म्हणतात मला आठवतंय, मी तिथेच होतो. आजोबा म्हणतात मीसुद्धा. पोरं म्हणतात आम्हीसुद्धा. सगळे भांडतात. आणि आई म्हणते, ‘झालं होतं. पण तुमच्यापैकी कोणी बघत नव्हतं.’”

“पण वाहिनीचा नियम...” कात्री म्हणाला.

“नियम जुन्या तुकड्यांना आहे,” बाई सावकाश म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लबाड हसू पसरत चाललं होतं. “जे कधी दाखवलंच नाही ते जुनं कसं? ते नवंच झालं. काका, त्रेपन्नावी ओळ खोडा. नवं कार्ड लिहा. आणि खरी तारीख घाला, येत्या रविवारची.”

त्यानंतरचे पाच दिवस कसे गेले ते कोणालाच धड सांगता येणार नाही. सोफ्यावरची माणसं संगणकावर दोन दिवसांत बसवून झाली. आईचा आवाज देणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती. त्यांनी ते वाक्य बसक्या आवाजातच म्हटलं आणि ध्वनिमुद्रण करणारा काच पुसायचं निमित्त करून पाठमोरा झाला. प्रश्न राहिला शेवटचा. आई ते वाक्य बोलल्यावर पुढे काय?

“ढब्बूबाबा उठतात आणि चादरीचं दुसरं टोक धरतात,” लेखिका म्हणाली. “पाच सेकंद. पण हे संगणकावर नको. जुन्या सीनला शोभायला हवं. हातानं.”

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

आठ वर्षांनी काकांनी चित्रं काढायच्या काचेखालचा दिवा लावला. साठ चित्रं. पहिल्या दिवशी रेघ थरथरली, कागद फुकट गेले, ढब्बूबाबा उठायच्या ऐवजी बसतच होते. दुसऱ्या दिवशी हात वळला. दोन कागदांच्या मध्ये बोटं घालून पानं फडफडवली की पोट सावरत उठणारा ढब्बूबाबा दिसे. काका स्वतःशीच हसत. हे चित्र काढताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली आणि त्यांची पेन्सिल थांबली. अकरा वेळा तिनं घडी घातली होती. अकरा वेळा आपण टेबलाशी बसून ‘परत’ म्हटलं होतं. दुसरं टोक धरायला आपण एकदाही उठलो नव्हतो. त्यांनी डोळे पुसले, पेन्सिलीला टोक केलं आणि ढब्बूबाबाला उठवला.

रविवारी संध्याकाळी सात वाजता त्यांच्या दीड खोलीत अकरा माणसं होती. सतरांमधली काही दूर राहायला गेली होती, काही कायमची गेली होती. शेजारच्या मावशी पहिल्या येऊन बरोबर मधल्या खुर्चीवर बसल्या.

“आज तरी दाखवणारेत ना गं? की परत वार चुकलाय?”

“बघू या,” बायको म्हणाली. तिनं काकांना काहीच विचारलं नव्हतं आणि काकांनी काहीच सांगितलं नव्हतं. पण कपाटातली तीच साडी तिनं काढली होती, आणि एका हातानं जमत नाही म्हणून मावशींकडून नेसवून घेतली होती.

भाग सुरू झाला. ढब्बूबाबा पडले, अकरा माणसं हसली. थर्मामीटरच्या चहाला मावशींना ठसका लागला. काका टीव्हीकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

चादर आली. बायकोनं हसणं थांबवलं. ती किंचित पुढे झुकली. पडद्यावरची आई हनुवटीखाली टोक धरून दोन्ही हात ताणत होती, दोन्ही, बोटांच्या टोकांपर्यंत. कोपरा अंगठ्यात. गिरकी. दुसरी गिरकी. घडी. थोपट, थोपट.

“अगं बाई,” मावशी ओरडल्या, “ही तर तूच!”

“मीच आहे,” बायको म्हणाली. “बघा, कशी भराभर घालतेय.”

मग सोफ्यावर भांडण जुंपलं, सगळ्यांना सगळं आठवत होतं, आणि त्या बसक्या आवाजात आई म्हणाली, “झालं होतं. पण तुमच्यापैकी कोणी बघत नव्हतं.” पडद्यावर ढब्बूबाबानं सोफ्याच्या हातांवर भार टाकला, पोट सावरलं, आणि थोडीशी थरथरणारी रेघ घेऊन तो उठला. त्यानं चादरीचं दुसरं टोक धरलं.

“उठला एकदाचा!” बायको म्हणाली. “एकवीस वर्षं लागली मेल्याला.”

सगळे खो-खो हसले. काकाही हसले, पण त्यांना समोरचं नीट दिसत नव्हतं. नावं सरकू लागली. त्यांत ‘चादरीचा सीन’ असं लिहून पुढे काकांचं खरं नाव होतं. ते वाचायला मावशींना चष्मा सापडेपर्यंत नावं संपली. फोन वाजायला लागला. पहिला लेखिकेचा होता. मागे तिची आई काहीतरी मोठ्यानं सांगत होती, आणि लेखिका रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं.

माणसं पांगली. कपबशा काकांनी उचलल्या. ते बाहेर आले तेव्हा बायको पलंगाशी उभी होती.

“ती वरची चादर काढा बघू.”

“आत्ता? उद्या करतो की मी.”

“तुम्ही घडी नाही घालत, बोळा करता. तीन वर्षं बघतेय. धरा तिकडून.”

काकांनी दोन कोपरे धरले. दोन तिनं घेतले. एक उजव्या हातात, आणि दुसरा तिनं डाव्या हाताच्या बोटांत स्वतःच अडकवून दिला. काका मागे सरकले, चादर ताणली गेली.

“आता माझ्याकडे या,” ती म्हणाली. ते गेले. कोपऱ्याला कोपरा मिळाला. ती घडी तिनं हनुवटीखाली धरली. काका वाकून खालची बाजू उचलू लागले. डावी बोटं मध्येच सुटली, तेव्हा ती थांबली, काकाही थांबले. तिनं बोटं पुन्हा अडकवली.

“परत,” ती म्हणाली.

त्यांनी परत केली. घडी जरा वाकडी झाली. ती तिनं पलंगावर ठेवली, घसरू नये म्हणून डावा हात तिच्यावर नुसता टेकवला आणि उजव्या हातानं दोनदा थोपटलं.